पहिल्या रांगेतली शैलावहिनी

आमच्या शैलावहिनीनं कलकत्त्यात जितक्या बायकांच्या कपाळी कुंकू लावलं, तितकं एखाद्या देवीच्या देवळातल्या गुरवानंही लावलं नसेल. आणि स्वतः ती विधवा. ऐकणाऱ्याला हे कोडं वाटतं, म्हणून आधीच सोडवून टाकते. मला कोडी घालायचा कंटाळा आहे. शाळेत पोरींना गणितं घालता घालता माझा जन्म गेला.

वहिनी फोटो रिटच करायची. बागबाजारात आमच्या बिऱ्हाडाच्या खालीच हरिसाधनबाबूंचा स्टुडिओ होता, त्यांच्याकडे. काळ्या-पांढऱ्या फोटोंचा जमाना. पूर्वीच्या काचेच्या प्लेटांवर लाल रंग काळा उमटायचा, त्यामुळे आमच्या आजीच्या फोटोत कुंकू असं ठसठशीत दिसतं की बघत राहावं. मग नवी फिल्म आली. भारी कौतुक तिचं! पण स्टुडिओतल्या पिवळ्या दिव्यांच्या उजेडात तिला लाल कुंकू आणि भोवतालची कातडी एकसारखीच दिसायची. कुंकू गडप. कच्चा फोटो हातात घ्यावा तर झाडून साऱ्या सवाष्णी पांढऱ्या कपाळाच्या. बायका तो कच्चा फोटो बघायच्याही नाहीत, अपशकुन म्हणायच्या. बंगाली बायकांचा भांगातला सिंदूर गायब, आमच्या बायकांचं कुंकू गायब, आणि ते सगळं ज्याच्या त्याच्या जागी परत आणून ठेवायचं काम आमच्या वहिनीकडे.

ते ब्रशानं टिकली काढण्याइतकं सोपं नव्हतं. काम निगेटिव्हवर व्हायचं, आणि निगेटिव्हचा सगळा कारभार उलटा. चेहरा काळा, केस पांढरे. फोटोत उजळ हवं तिथे टोकदार पेन्सिलीनं भरायचं, काळं हवं तिथे बारीक पात्यानं फिल्मचा थर खरवडायचा. पुढे उतरतं लाकडी मेज, त्यात बसवलेली काच, काचेखाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावरून वर यायचा आणि त्यावर निगेटिव्ह ठेवलेली. वरून उजेड पडू नये म्हणून वहिनी डोक्यावरचा पदर मेजावर ओढून घ्यायची आणि त्या तंबूत शिरायची. ग्रूपच्या फोटोत चेहरा तुरीच्या डाळीएवढा. त्याच्या कपाळावरचं कुंकू म्हणजे सुईचं टोक. श्वास रोखून, एकदा टेकवून उचलायचं. पेन्सिल पुसता येते, पातं फिरलं की फिरलं. घरात मी बशी जरी जोरानं ठेवली तरी आतून आवाज यायचा, ‘वन्स, तुमच्या बशीपायी एक बाई आंधळी झाली असती आत्ता.’

ती या धंद्यात पडली ती भांडून. माझा भाऊ, चारुदत्तदादा, बँकेत होता. टायफॉइडनं गेला तेव्हा वहिनी पस्तिशीची. पोरबाळ नव्हतं. पुण्याहून मामेसासऱ्यांचं बोलावणं आलं, की इथे एकटीनं काय करणार, घरात काय कमी आहे, आमच्यात या. म्हणजे काय ते मला कळत होतं, तिलाही कळत होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोळ्या लाटायच्या आणि वर उपकार मानायचे. ती म्हणाली, मी बागबाजार सोडणार नाही. झालं, विषय संपला. तिचा विषय असाच संपायचा, समोरच्याला कळायच्या आत.

दादाचा एक लहान फोटो होता, तो तिनं भिंतीसाठी मोठा करायला खाली दिला. हरिसाधनबाबूंकडे तेव्हा एक म्हातारे रिटचर होते. डोळे अधू झालेले, पण हौस दांडगी. त्यांनी दादाच्या नाकाशेजारचे देवीचे व्रण बुजवले, हनुवटी घासूनपुसून गोल केली, भुवया कोरल्या. सिनेमातला नट करून ठेवला अगदी. वहिनीनं तो फोटो बघितला आणि दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, ‘हा कोण?’ हरिसाधनबाबू समजावायला लागले, की बोउदी, म्हणजे वहिनी, सगळ्यांना असंच आवडतं. ती म्हणाली, सगळ्यांना आवडतं म्हणून मी दुसऱ्या बाईचा नवरा भिंतीवर लावू का? माझा नवरा परत द्या. हरिसाधनबाबू वैतागले. सज्जन माणूस, पण डोकं तापट. ते म्हणाले, मग तुम्हीच करा. ही म्हणाली, शिकवा, करते.

आणि त्या म्हाताऱ्यांनीच तिला शिकवलं. मेज वरती आमच्या खोलीत आलं, उत्तरेच्या खिडकीशी. दादाचे व्रण परत आणायला तिला किती महिने लागले कोण जाणे, पण आणले. आजही भिंतीवर आहे तो माझाच भाऊ आहे, देवीच्या व्रणांसकट.

त्यावरून तिचा एक कायदा झाला. गिऱ्हाईक आलं की ती विचारायची, हे जन्माचं का आठवड्याचं? पुटकुळी आठवड्याची, ती काढून मिळेल. तीळ जन्माचा, तो राहील. लग्नाच्या मुलींचे बाप यायचे, मुलगी जरा उजळ करा म्हणायचे. वहिनी सरळ सांगायची, उजळ करीन, पण मग मुलाला घरी बोलावू नका, फोटोशीच लग्न लावा. एकदोघं चिडून दुसरीकडे गेले. हरिसाधनबाबू कपाळाला हात लावायचे आणि म्हणायचे, बर्गी शहराबाहेर राहावेत म्हणून आमच्या पूर्वजांनी इथे खंदक खणला तो उगीच नाही. बर्गी म्हणजे आम्ही, मराठे. मी त्यांना म्हणायचे, खंदक बुजला बाबू, आता भोगा.

सत्तर-एकाहत्तर साली, नक्षलवाद्यांच्या धामधुमीत, त्या गल्ल्यांनी काय बघितलं ते मी इथे सांगत बसत नाही. बॉम्बचे आवाज, पोलिसांच्या गाड्या, संध्याकाळी पाचलाच बंद होणारी दारं. त्या दिवसांत स्टुडिओत फोटो काढून घ्यायला कोणी येत नव्हतं. यायच्या त्या आया. शाळेच्या ग्रूप फोटोतलं पोराचं डोकं दाखवायच्या आणि म्हणायच्या, एवढंच आहे, हे मोठं करून द्या. एकीच्या पोराच्या भुवईवर खोक होती, लहानपणी जिन्यावरून पडला होता म्हणे. दुकानातला पोऱ्यासुद्धा म्हणाला, ही काढून टाकू या. वहिनीनं ती राखली. त्या बाईनं फोटो घेतला आणि आधी त्या खोकेवरून बोट फिरवलं, मग रडली. वहिनी वर येऊन पदराच्या तंबूत शिरली ती जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर आली नाही. काम करत नव्हती, मला ठाऊक आहे. पातं खाली पडलेलं होतं.

असो. आता मूळ गोष्ट.

उत्तर कलकत्त्यात आम्हा मराठी लोकांचं एक लहानसं स्नेहमंडळ होतं. गणपती, हळदीकुंकू, कोजागरी, वर्षाला एक नाटक आणि त्यावरून तीन भांडणं. सत्तेचाळीस साली चार-पाच तरुण पोरांनी ते काढलं, त्यातला एक दादा आणि एक दिगंबरराव. दोघं जिवलग. दादा गेला आणि दिगंबरराव सेक्रेटरी झाले, मग सेक्रेटरीच राहिले. माणूस वाईट नव्हता, उगाच खोटं कशाला बोलू? नडल्याअडल्याला धावून यायचा. पण लोक काय म्हणतील या एका भुतानं त्याला जन्मभर झपाटलं होतं.

बाहत्तर साली मंडळाला पंचवीस वर्षं झाली. रौप्यमहोत्सव. सगळ्यांचा एक मोठा ग्रूप फोटो काढायचा, तो स्मरणिकेच्या पहिल्या पानावर छापायचा आणि मंडळाच्या खोलीत कायमचा टांगायचा असं ठरलं. फोटो हरिसाधनबाबूच काढणार, तिथेच आपले दिवे आणून. मागे काळा पडदा, पुढे खुर्च्यांची रांग. खुर्च्या संस्थापकांच्या घरच्यांसाठी, बाकीचे मागे उभे. वहिनी आपली मागे, माझ्याजवळ उभी राहायला निघाली होती. दिगंबरराव स्वतः तिच्याजवळ येऊन म्हणाले, वहिनी, चारूच्या जागी तुम्ही. आणि तिला पहिल्या रांगेत बसवलं. डावीकडून दुसरी खुर्ची. उजवीकडून दुसऱ्या खुर्चीवर दिगंबररावांची बायको, वृंदाबाई. दोघी एका चणीच्या, दोघींच्या अंगावर काठापदराच्या साड्या. हरिसाधनबाबूंनी नेहमीसारखा फोटो दोनदा घेतला, कारण एवढ्या माणसांत कोणी ना कोणी डोळे मिटतंच. दुसऱ्या खेपेला ते मी मिटले. म्हणून पहिली निगेटिव्ह पक्की झाली आणि दुसरी डब्यात गेली.

त्या दिवशी वहिनी घरी परत येताना ट्रॅममध्ये एकदम म्हणाली, ‘वन्स, आज मला बरं वाटलं.’ एवढंच. सात वर्षांत पहिल्यांदा तिला कोणी चारचौघांत पुढे बसवलं होतं. हळदीकुंकवाला ती स्वयंपाकघरात वाटली डाळ करायची आणि मागच्या दारानं घरी यायची, हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. मी लग्नच केलं नाही, म्हणून मला कुंकवाचा हक्कही नाही आणि शोकही नाही. मी टिकली लावते ती मला आवडते म्हणून, आणि कोणाची छाती झाली नाही मला विचारायची. पण तिला प्रत्येक जण न विचारता बाजूला सारत होता.

कच्चा फोटो घेऊन दिगंबरराव आठवड्यानं आमच्याकडे आले. चहा झाला, हवा कशी दमट आहे ते झालं, वीज किती जाते ते झालं. मग गाडी वळणावर आली. इतर बायकांची कुंकवं तुम्ही लावालच, म्हणाले. मग पहिल्या रांगेत तुमचं एकटीचं कपाळ उघडं दिसेल. मला काही वाटत नाही हो, पण दोनचार जण बोलले. शुभकार्याचा फोटो, मुखपृष्ठावर गणपती, उघडलं की लगेच... तर तुमच्या हातात एवढी जादू आहे, तुमच्या खुर्चीच्या जागी एखादी फुलदाणी आणता येईल का? चारूचा फोटो आतल्या पानावर स्वतंत्र घालू, मोठा, गोल चौकटीत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या तोंडानं खुर्चीवर बस म्हटलं त्याच तोंडानं ऊठ म्हणायचं, आणि तेही कसं, तर तूच तुझ्या हातानं तुला पूस! मी काही बोलणार एवढ्यात वहिनीनं माझ्याकडे बघितलं आणि मी गप्प बसले. मी गप्प बसण्याचे प्रसंग मोजके आहेत.

तिनं विचारलं, ‘भावजी, मी फुलदाणीत जाऊ का फुलदाणीमागे?’

दिगंबरराव कसंनुसं हसले. ती हसली नाही.

‘मी लोकांच्या पुटकुळ्या काढल्या, सुरकुत्या काढल्या, घामाचे डाग काढले,’ ती म्हणाली. ‘माणूस अजून काढलेला नाही. आणि पहिला काढायचा तो मीच? माझ्या हातानं मी मला पुसणार नाही.’

मग ती खाली गेली, हरिसाधनबाबूंशी दोन शब्द बोलली आणि पाकिटातली निगेटिव्ह आणून दिगंबररावांच्या हातावर ठेवली. तुमच्या मंडळाचा फोटो आहे, तुम्ही न्या, म्हणाली. कलकत्त्यात रिटचर पुष्कळ आहेत. कुंकवं लावा, माणसं काढा, तुमची मर्जी. मी या फोटोला हात लावणार नाही.

दिगंबरराव पाकीट घेऊन गेले. त्यांना वाटलं असेल बाईमाणसाचा राग, दोन दिवसांत उतरेल. तो उतरला नाही. मी तर मंडळाचं सभासदत्वच सोडायला निघाले होते. वहिनी म्हणाली, सोडायचं कशाला? मंडळ तुमच्या दादांनी काढलंय. भावजी म्हणतात ही गेली पाहिजे, आणि आपण आपल्या पायांनी गेलो तर त्यांचं फुलदाणीचं काम फुकटात झालं की. फोटो ज्या दिवशी उघडतील त्या दिवशी मी तिथे असणार. फोटोत मी नाही आणि खोलीत मी आहे, हे त्यांना बघू दे. मी तिला विचारलं, आणि ती दुसरी निगेटिव्ह? ती म्हणाली, त्यांनी मागितली नाही. मागितली असती तर दिली असती.

गणपतीला पंधरवडा उरला तेव्हा कार्यकारिणीची बैठक होती, फोटो बघण्यासाठी बायकामंडळींनाही बोलावलं होतं. आम्ही दोघी गेलो. वहिनीनं दादानं आणलेली शेवटची साडी नेसली होती, जांभळी. पहिल्या बाकावर जाऊन बसली. दोघीतिघी जरा सरकल्या. ती नाही सरकली.

दिगंबररावांनी तपकिरी कागदात बांधलेली फोटोंची चवड टेबलावर ठेवली. धर्मतल्ल्याच्या चांगल्या दुकानातून करून आणलंय, म्हणाले, आणि स्वतः दोरी कापली. वरचा फोटो हातात घेतला. आणि त्यांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

कोणीतरी तो त्यांच्या हातातून घेतला, मग तो फिरत फिरत आमच्याकडे आला. पहिल्या रांगेत डावीकडून दुसऱ्या खुर्चीवर आमची शैलावहिनी बसलेली, अगदी जशीच्या तशी. आणि तिच्या कपाळावर रुपयाएवढं गोल कुंकू, भांगात ठळक सिंदूर! आमच्या सगळ्याच बायकांच्या भांगांत सिंदूर भरलेला. तो दुकानदार बिचारा बंगाली. त्याच्या हिशेबी विधवा म्हणजे पांढरं लुगडं. या रांगेत पांढरं लुगडं एकही नाही, तेव्हा सगळ्या सवाष्णी, असं धरून त्यानं मन लावून काम केलं होतं. आणि उजवीकडून दुसऱ्या खुर्चीवर निशिगंधाच्या फुलांची फुलदाणी होती.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती! मी हसले. मोठ्यानं हसले, लपवत नाही. मागच्या बायकाही हसल्या. मग आमच्या लक्षात आलं की त्या फुलदाणीच्या जागी जी असायला हवी होती ती बाई खोलीतच आहे, आणि ती हसत नाही. हसू आपोआप विरत गेलं.

वृंदाबाईंनी फोटो मागून घेतला. त्या फार बोलणाऱ्या नव्हत्या. मंडळ निघाल्यापासून पंचवीस वर्षं त्यांनी मोदक मोजले, ताटं वाढली, सतरंज्या झटकल्या. दिगंबरराव घाईघाईनं सांगायला लागले, की त्या गाढवानं घोळ केला, मी त्याला नीट सांगितलं होतं, उद्याच त्याच्याकडे जाऊन...

‘दाखवलं कुणी त्याला?’ वृंदाबाईंनी विचारलं.

‘कुणी म्हणजे... त्यानं निगेटिव्ह खिडकीशी धरली. म्हणाला, कोणती बाई ते बोट ठेवून दाखवा.’

‘मग बोट कुणी ठेवलं?’

दिगंबरराव कापलेली दोरी गुंडाळायला लागले. खोलीतल्या सगळ्यांना ते कळलंच. निगेटिव्ह उलट्या बाजूनं धरली गेली की डावीकडचं माणूस उजवीकडे जातं, आणि चेहरे सगळे काळे. ती चूक कोणाचीही झाली असती असं आता मी म्हणू शकते. पण त्या वेळी आम्हाला एवढंच दिसत होतं, की या माणसानं भर दुपारी, उजेडात, स्वतःच्या बायकोच्या तोंडावर बोट ठेवलं आणि सांगितलं, ही काढून टाका.

वृंदाबाईंनी फोटो टेबलावर पालथा ठेवला आणि त्या उठून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमचा जिना चढून आल्या. एकट्या. त्या घरात त्या दादाच्या दहाव्यानंतर आल्या नव्हत्या. दम लागला होता. पाणी दिलं ते प्यायल्या आणि वहिनीला म्हणाल्या, की त्या फुलदाणीच्या कामात मीही होते. ह्यांनी मला विचारलं होतं, आणि मी म्हटलं होतं, करा काय ते, मला कशाला विचारता. म्हणजे मी हो म्हटलं. मला तेव्हा काही वाटलं नाही. काल रात्रभर वाटत होतं.

वहिनीला खोटं ‘जाऊ द्या हो’ म्हणता यायचं नाही, आणि मला त्याबद्दल तिचा अभिमान वाटतो. तिनं उठून डबा काढला, दुसरी निगेटिव्ह काढली आणि मेजाच्या काचेवर ठेवली. वृंदाबाईंना जवळ बोलावलं. बघा, म्हणाली, ही तुम्ही. ही मी. मागे ह्या वन्स, झोपलेल्या. बाकी सगळे जागे आहेत. गणपतीच्या आत फोटो होईल, पण माझी खुर्ची आहे तिथे राहील. हे कबूल असेल तर करते.

वृंदाबाई त्या काचेवर वाकल्या. काळ्या तोंडांच्या, पांढऱ्या केसांच्या त्या रांगेत त्यांना स्वतःला ओळखता येत होतं का नाही देव जाणे. मग म्हणाल्या, ‘तुझी खुर्ची राहीलच. ते सांगायलाच आले. आणि तुला हवं असेल तर तुझ्याही कपाळी लाव. मी बघते कोण बोलतं ते.’

‘मला कुंकू नको आहे, वृंदाताई,’ वहिनी म्हणाली. ‘मला माझी खुर्ची हवी आहे. मी जशी आहे तशी त्या खुर्चीवर बसणार.’

‘मग माझंही लावू नकोस.’

मी हातातली भाजी खाली ठेवली. सवाष्ण बाई, डोक्यावर नवरा, गळ्यात मंगळसूत्र, आणि म्हणते माझं कपाळ पांढरं ठेव! वहिनीनं त्यांना खाली बसवलं. म्हणाली, रागाच्या भरात सांगताय. लोक काय काय बोलतील, तुमच्या सुना बोलतील. वृंदाबाई म्हणाल्या, बोलू देत. पंचवीस वर्षं एका ताटात जेवले त्या माणसाला माझं तोंड ओळखता आलं नाही. कुंकवावरून तरी ओळखतो का, तेही बघायचंय मला. माझं आहे ते माझ्या कपाळावर आहे, ते मी पुसलेलं नाही. फोटोत नको.

वहिनीनं मग वाद घातला नाही. ती म्हणाली, लावलेलं परत काढता येत नाही, पण न लावलेलं केव्हाही लावता येईल. मन बदललं तर सांगा. आणि पदर ओढून घेऊन तंबूत शिरली.

चार दिवस ती मेजावरून हलली नाही. प्रत्येकीचं कुंकू जिचं तिचं. कोणाचं उभं, कोणाचं गोल, कोणाचं बारीक. त्या सगळ्या बायकांनी तिला सात वर्षं मागच्या दारानं घालवलं होतं, आणि तिनं एकीच्याही कपाळी वाकडा ठिपका दिला नाही. मला राग येत होता. मी म्हटलंसुद्धा, त्या नाक मुरडणारीच्या नाकावर एक मोठा तीळ काढून दे. ती तंबूतून म्हणाली, जन्माचा नाहीये. माझे मिटलेले डोळे तिनं उघडून दिले. माझ्या खऱ्या डोळ्यांपेक्षा बरे झालेत, असं माझ्या मैत्रिणी म्हणतात, आणि मी त्यांच्याशी त्यावर भांडत नाही.

धर्मतल्ल्याचे फोटो बाद झाले. नव्या फोटोबद्दल दिगंबररावांनी एक शब्द विचारला नाही; विचारायला तोंड नव्हतं. हरिसाधनबाबूंनी मोठा प्रिंट काढून चौकट करून परस्पर मंडळाच्या खोलीत पोचवला आणि वर कापड टाकलं. चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा झाली, गुरुजी हात धूत होते, सगळी मंडळी जमलेली. दिगंबररावांनी कापड ओढलं.

पहिल्या रांगेत, डावीकडून दुसऱ्या खुर्चीवर, शैलावहिनी बसली होती. कपाळ उघडं, मान ताठ, नजर थेट कॅमेऱ्यात. लोक बघत होते आणि कुजबुजत होते, पण त्या कुजबुजीत आता पूर्वीचा जोर नव्हता, कारण सगळ्यांच्या नजरा तिच्यावरून सरकून उजवीकडे जात होत्या. दिगंबररावांनी चष्मा लावला. जवळ गेले. आधी एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे, आणि तिथेच थांबले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. वळून ते सगळ्यांदेखत वहिनीवर ओरडले, की हा काय प्रकार आहे, सगळ्यांना लावलं आणि हिलाच का नाही लावलं?

वहिनी उत्तर द्यायला उठली होती. तेवढ्यात आरतीचं तबक घेऊन उभ्या असलेल्या वृंदाबाई एक पाऊल पुढे आल्या. आवाज चढवला नाही त्यांनी.

‘आता ओळखलंत ना मला?’ त्यांनी विचारलं.